शर्यतीची गाडी आणि तिचे तेल



इतिहासाच्या व्याख्यानाला आलेल्या श्रोत्यांपुढे वंगणाचा विषय मांडावयाचा, हे थोडेसे धाडसच म्हटले पाहिजे. राजे, लढाया, तह हे आपल्या ओळखीचे. तेलाचा इतिहास कोण ऐकणार? त्यातून या कथेत एरंडेल येणार असल्यामुळे सगळे व्याख्यानच एरंडाचे गुऱ्हाळ ठरावयाची भीती. तथापि १९५१ सालच्या जून महिन्यातील एका रात्रीची हकीकत प्रथम सांगतो आणि मग हा विषय इतिहासाचा आहे की नाही याचा निवाडा आपल्यावर सोपवितो.

फ्रान्समध्ये ल मां नावाचे गाव आहे. तेथे दरवर्षी चोवीस तासांची मोटारशर्यत होते. दुपारी चार वाजता सुटलेल्या गाड्या रात्रभर पळतात, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत जी अधिक अंतर तोडील ती जिंकली. एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरची. १९५१ साली इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीने आपल्या नव्या सी-टाइप जातीच्या तीन गाड्या तेथे आणल्या. तिघींची एंजिने एकाच घडणीची, ३४४२ घन सेंटिमीटरची. स्टर्लिंग मॉस हा तरुण चालक आघाडीवर होता आणि फेरीचा विक्रमही त्याने मोडला. पण पन्नासाव्या फेरीनंतर बियोन्देत्तीच्या गाडीतील तेलाचा दाब गेला व ती बाद झाली. ९२ फेऱ्या झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास, मॉसच्या गाडीचेही तेच झाले. एंजिनाच्या पोटात, तेलाच्या टाकीच्या आत, पंपाकडून वर तेल नेणारी एक नळी हादऱ्यांनी तडकली होती. बाहेरून काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

आता तिसऱ्या गाडीचा विचार करा. ती पीटर वॉकर आणि पीटर व्हाइटहेड आळीपाळीने चालवीत होते. नळी त्यांच्याही गाडीत तीच. अजून सोळा तास उरलेले, रात्र, वर पाऊस! ती नळी टिकली. २६७ फेऱ्या, म्हणजे ३६०० किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर तोडून ते दोघे पहिले आले. दुसरी गाडी नऊ फेऱ्या मागे होती. १९३५ नंतर प्रथमच ब्रिटिश गाडी तेथे जिंकली. जॅग्वारच्या कीर्तीचा पाया म्हणून या विजयाचे पोवाडे पुष्कळांनी गायिले आहेत; पण तो पाया किती बारीक नळीवर उभा होता, हे पोवाड्यांत सहसा येत नाही.

तेलाचा दाब गेला तर एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. बैलगाडीच्या आसाचे वंगण सुकले तर चाक करकरते, बैल दमतात, गाडी मात्र गावाला पोचते. मोटारीचे तसे नाही. एंजिनातील क्रँक मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नव्वद. तो ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांना तो खरे पाहता टेकलेलाच नसतो. हे प्रथम इंग्लंडात बोशँप टॉवर या एंजिनियराच्या ध्यानात आले, आणि तेही अवचित. १८८३ च्या सुमारास तो आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगाला वरून एक भोक पाडले. यंत्र सुरू होताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले! त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही सरकत बाहेर आली. शेवटी तेथे दाबमापक बसविला, तेव्हा बेअरिंगावर सरासरी भार चौरस इंचाला शंभर पौंड असताना तेलाचा दाब दोनशेच्या पुढे गेलेला दिसला. पुढे १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने या प्रकाराचे गणित मांडले. फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर ओढून निमुळत्या फटीत कोंबतो आणि त्या कोंडलेल्या तेलावर स्वतःच उचलला जातो. साचलेल्या पाण्यावरून भरधाव जाणारे चाक जसे रस्ता सोडून पाण्यावर तरंगते, तसेच हे. तेलाचा हा थर केसाहून कितीतरी पातळ असतो.

यातून एक गोष्ट निघते, ती नीट ध्यानात घेतली पाहिजे. भार पेलतो तो तेलाचा थर, पंप नव्हे. पंपाचे काम एवढेच की, कडेने गळून जाणारे तेल सतत भरून काढावयाचे. म्हणून पंपाच्या तोंडात तेलाऐवजी वारा गेला की क्षणार्धात तो थर फाटतो, धातूला धातू घासतो, बेअरिंग वितळते आणि एंजिन जाम होते. जमेल तेवढी सावकाश गाडी घरी न्यावी, ही सवलत येथे नाही.

पहिल्या मोटारींना ही चिंता नव्हती, कारण त्यांत तेल परत वापरीतच नसत. थेंबाथेंबाने आत सोडावयाचे, जळून धूर होऊन बाहेर जावयाचे. शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे व हाताने पंप मारून तेल पुरवी. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या ज्या एंजिनांत सगळे सिलिंडरच गरगर फिरत, त्या नोम आणि ल रोन एंजिनांतही हीच उधळपट्टी होती. त्यांना तेल लागे ते एरंडीचे. पेट्रोल एंजिनाच्या पोटातूनच वर जात असल्याने खनिज तेल त्यात विरघळून पातळ होई; एरंडेल सहसा विरघळत नाही. बिचारा वैमानिक तासन् तास त्या धुरात बसलेला असे, आणि त्याच्या पोटावर होणाऱ्या परिणामांच्या गोष्टी अजून चवीने सांगतात. चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने १९०९ साली आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले तेही एरंडीच्या इंग्रजी नावावरूनच. आज जगात सर्वांत जास्त एरंडी हिंदुस्थानात पिकते. तेव्हा या परदेशी कथेत आपल्या शेताच्या बांधावरचे झाड अगदीच उपरे नाही.

पुढे तेल साठवून पुन्हा पुन्हा फिरविण्याची पद्धत रूढ झाली. एंजिनाच्या तळाशी एक परात असते. आपल्या गॅरेजातले मिस्त्री तिला ‘चेंबर’ म्हणतात. तेल वरून ओघळून तीत साठते, शोषनळी ते ओढते, पंप ते पुन्हा वर धाडतो. साध्या रस्त्यावर ही व्यवस्था उत्तम चालते. पण वळणावर काय होते? घाटात एस.टी.मध्ये मांडीवर ताकाचे भांडे घेऊन बसलेल्या प्रवाशाला हे समजावून सांगावे लागत नाही. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर चेंबरमधील तेलाचा पृष्ठभाग बरोबर ४५ अंशांनी तिरपा होतो. सारे तेल एका बाजूच्या भिंतीवर चढते आणि मधली शोषनळी उघडी पडते. शिवाय वेगात असताना बरेचसे तेल वरच्या भागातच अडकलेले असते. वळण आखूड असेल तर निभावते. सेकंदामागून सेकंद चालणारे लांब, वेगवान वळण हे खरे घातक. जोराने ब्रेक दाबले की हेच पुढच्या दिशेने घडते.

जाता जाता सांगण्यासारखी एक गंमत आहे. मोटारसायकलला वळणावर हा त्रास नाही. स्वार वळणात झुकतो, गाडी झुकते आणि तेलही गाडीच्या मानाने जागच्या जागी राहते. पाण्याने भरलेली बादली गरगर फिरविली तरी सांडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

यावर स्वस्त उपाय पुष्कळ निघाले. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसविणे. तेलाला शोषनळीकडे येऊ देणाऱ्या पण परत जाऊ न देणाऱ्या एकेरी झडपा लावणे. चेंबर खोल करणे. कोणी नुसते तेलच जास्त भरतात. तो उपाय मला तरी अघोरी वाटतो, कारण पातळी फार वाढली की फिरता क्रँक तेल घुसळतो आणि ताकाला यावा तसा त्याला फेस येतो. फेस म्हणजे पुन्हा वाराच. दाबाचा तांबडा दिवा लागतो, पण शर्यतीच्या वेगात तो लागलेला दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

मुळावर घाव घालणारा उपाय म्हणजे तेल तळाशी साठू द्यावयाचेच नाही. एका पंपाने ते तळातून सतत उपसून निराळ्या उभ्या टाकीत टाकावयाचे आणि दुसऱ्या पंपाने त्या टाकीच्या बुडातून एंजिनाला पुरवावयाचे. टाकी अरुंद आणि उंच, त्यामुळे तेल कितीही तिरपे झाले तरी बूड उघडे पडत नाही. तळ कोरडा राहतो म्हणून या रचनेला कोरड्या तळाची, म्हणजे ‘ड्राय संप’ पद्धत म्हणतात. विमानांत व मोटारसायकलींत ती आधीपासून होती. किंबहुना १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेली आणि आपल्या गल्लीबोळांतून धडधडत गेलेली जुनी एनफील्ड बुलेट याच पद्धतीची: तेलाची कोठी क्रँकच्या घरालाच जोडून ओतलेली, एक पंप भरणारा, एक उपसणारा. ती बरेच दिवस उभी राहिली की कोठीतले तेल झिरपून तळात उतरे. जुन्या बुलेटवाल्यांना ही खोड ठाऊक आहे.

जॅग्वारने १९५४ साली नवी डी-टाइप गाडी काढली तेव्हा हीच पद्धत स्वीकारली. केवळ वळणांवरच्या तेलासाठी नव्हे. खोल चेंबर गेल्यामुळे एंजिन खाली बसले, नाक ठेंगणे झाले आणि वाऱ्याचा अडथळा घटला. १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षे ती ल मांला पहिली आली. पैकी १९५५ च्या शर्यतीत एक गाडी उडून प्रेक्षकांत पडली व ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षीच्या निकालाला विजय म्हणावयास जीभ धजत नाही. मर्सिडीजच्या १९५४ च्या ३०० एसएल या रस्त्यावरील गाडीतही कोरडाच तळ होता.

पण उपसण्यातही कटकट आहे. तळातून येते ते तेल आणि वारा यांचे मिश्रण, म्हणून उपसणारा पंप भरणाऱ्यापेक्षा मोठा लागतो आणि आलेला वारा निराळा काढावा लागतो. कॉसवर्थचे डीएफव्ही एंजिन ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडव्होर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कच्या हाताखाली जिंकले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याचा कर्ता कीथ डकवर्थ याने या वाऱ्यासाठी जी युक्ती योजिली ती मात्र थोड्यांना माहीत आहे. डेअरीत दुधातली साय काढणारे यंत्र असते ना? तसेच गरगर फिरणारे यंत्र त्याने पंपाला जोडले. जड तेल कडेला जाते, हलका वारा मध्ये उरतो.

पोर्श कंपनीने १९६३ साली दाखविलेल्या ९११ या गाडीत निराळी टाकी दिली होती, आणि हवेने थंड होणाऱ्या एंजिनांच्या काळात ती कायम राहिली. १९९६ ची बॉक्स्टर आणि १९९७ ची नवी ९११ यांत मात्र एंजिन पाण्याने थंड होऊ लागले आणि तेल एंजिनाच्या पोटातल्याच कोठीत आले. कंपनीने त्यालाही ‘अंतर्गत कोरडा तळ’ असे नाव दिले. नावे ठेवण्यात कारखानदार आणि राजकारणी सारखेच हुशार! तिनेच १९९९ साली शर्यतीकडे झुकणारी जीटी-३ काढली, तेव्हा तिला निराळी टाकी ठेवली; याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

साध्या गाडीच्या मालकाची खरी अडचण येथेच सुरू होते. तो सुटीच्या दिवशी फी भरून बंद मार्गावर गाडी पळवितो. गाडीला अधिक घट्ट धरणारे टायर तो हौसेने बसवितो, आणि टायर जितके घट्ट, तितका वळणाचा जोर जास्त, तितके तेल भिंतीवर वर. म्हणजे चाकांवर केलेला खर्च एंजिनाच्या जिवावर उठतो. अशांसाठी दाबाखाली तेल साठविणारी एक नळकांडी मिळते. तिच्या आत सरकता दट्ट्या असतो. त्याच्या एका अंगाला दाबलेली हवा, दुसऱ्या अंगाला तेल. पंपाचा दाब पडला की हवा दट्ट्या ढकलते आणि साठलेले तेल बेअरिंगांकडे जाते. काही सेकंदांचाच तो पुरवठा, पण वळणही तेवढेच असते. तीच झडप चालू करण्यापूर्वी उघडली तर क्रँक फिरण्याआधीच बेअरिंगांना तेल पोचते, हा वरकड फायदा.

अमेरिकेत २००६ सालच्या कॉर्व्हेट झेड-०६ या सात लिटरच्या गाडीला कारखान्यातूनच कोरडा तळ मिळाला. २०२० च्या कॉर्व्हेटपासून तो प्रत्येक गाडीला आला: तीन उपसपंप, आणि टाकी थेट एंजिनालाच बसविलेली.