ग्रंथ आधी की सभा आधी?

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. या इंग्रज जेझुइटाने ओवी इतकी आत्मसात केली होती, तर त्याने सरळ बायबलचेच भाषांतर का केले नाही? सुमारे अकरा हजार ओव्या रचणाऱ्याला भाषेची अडचण असणे शक्य नाही. उत्तर त्याच्या धर्मपरंपरेच्या ग्रंथविषयक धारणेत शोधावे लागते, असे आम्हांस वाटते.

कॅथलिक शिकवणीनुसार बायबल हे आकाशातून उतरलेले पुस्तक नव्हे. येशूने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. प्रेषितांनी आधी तोंडी उपदेश केला, शुभवर्तमाने नंतर लिहिली गेली आणि कोणते ग्रंथ पवित्र मानायचे हे ख्रिस्तसभेने काही शतकांच्या ओघात निश्चित केले. म्हणूनच लिखित शास्त्र आणि जिवंत परंपरा या दोहोंवर ही श्रद्धा उभी आहे. मार्टिन लूथरने केवळ शास्त्र प्रमाण मानले, तेव्हा ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये ही भूमिका ठासून मांडली, जुने लॅटिन भाषांतर अधिकृत ठरवले आणि सभेच्या अर्थाविरुद्ध अर्थ लावण्यास मनाई केली. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथसूचीच्या नियमांनी तर देशी भाषेतले बायबल वाचण्यासही परवानगी आवश्यक केली.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. भाषांतराला जे साधले नसते ते पुराणाला साधले. त्यात कथा आहे, श्रोत्यांच्या शंका आहेत आणि त्यांचे निरसनही आहे. मूळ आणि निरूपण एकत्र ऐकण्याची सवय मराठी श्रोत्याला ‘ज्ञानेश्वरी’ने आधीच लावली होती. मात्र या सोयीची किंमतही विसरता येत नाही: मूळ ग्रंथ भाविकाच्या हाती आला नाही. संपूर्ण नवा करार मराठीत १८११ मध्ये आला, तोही सेरामपूरच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांकडून.

पुढे रोमची भूमिकाही सैलावली. बाराव्या पायस यांनी १९४३ मध्ये मूळ भाषा आणि साहित्यप्रकार यांच्या अभ्यासास उत्तेजन दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितले, की शास्त्र ईश्वरप्रेरित असले तरी ते लिहिणारी माणसे खरीखुरी लेखक होती. म्हणून त्यांचा काळ आणि त्यांची लेखनरीती समजून घेतल्याविना अर्थ लावू नये. अर्थनिर्णयाचा अखेरचा अधिकार सभेकडेच राहिला. पण तो अधिकार वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेसाठी आहे, हेही त्याच परिषदेने स्पष्ट केले. शास्त्र सर्व भाविकांना सहज उपलब्ध असावे, असेही तिने म्हटले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच वातावरणात.

तेव्हा विद्यार्थ्यांना आम्ही इतकेच सांगतो: स्टीफन्सनी बायबल टाळले नाही, त्यांच्या सभेने ते जसे ऐकले होते, तसे मराठीला ऐकवले. स्वतः वाचण्याची मुभा मिळायला मात्र बराच काळ जावा लागला.