गांजा, स्वयंपुष्पी
दिवसाच्या लांबीवर अवलंबून न राहता वयानुसार फुलणारे भांगेच्या झाडाचे (कॅनॅबिस सॅटायव्हा, कुल–कॅनाबेसी) वाण. सामान्य भांग लघुदिनी असून रात्र मोठी होऊ लागली की फुलते. हे वाण उगवणीनंतर साधारण तीन ते पाच आठवड्यांत फुलावर येते. हा गुण रुडेरालिस या बुटक्या रानटी प्रकारातून आला. यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १९२४ मध्ये केले.

मुभा असलेल्या देशांत हे वाण घरात, दिव्यांखाली, स्वयंसिंचित कुंड्यांतही लावतात. अशा कुंडीच्या तळटाकीतले पाणी वातीतून केशाकर्षणाने मुळांकडे चढते.

बंगालमध्ये ब्रिटिश काळात राजशाही जिल्ह्यातील नवगाव (आता बांगलादेशात) येथे परवान्याने गांजा पिकवीत. ‘पोद्दार’ नावाचा जाणकार शेतात फिरून नर झाडे हेरी व ती उपटली जात. परागण टळल्याने मादी फुलोरे बिनबियांचे, राळयुक्त होत. ते पायांनी तुडवून ‘चपटा’ व ‘गोल’ गांजा बनवीत. कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या औषधी प्रयोगांचा वृत्तान्त मांडला. भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने (१८९३–९४) सरसकट बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली.

सध्या देशभरात १९८५ चा अंमली पदार्थविषयक कायदा लागू आहे. त्यात कॅनॅबिस प्रजातीची सर्वच झाडे येतात. त्यामुळे कोलकात्याच्या बेहाला भागातील सदनिकेत बिगरपरवाना कुंडीत लावलेले स्वयंपुष्पी रोपही बेकायदा ठरते. लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेंड्यांविना असलेली पाने व बिया मात्र गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत.