दगडाचं वाद्य

पाऊस लागला की आपल्या फोनवर ‘अकूस्टिक’ नावाच्या प्लेलिस्ट सुरू होतात. एक गिटार, एक आवाज, मागे रिपरिप. आमच्या बीडला पावसाचीच वानवा. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढग बहुतेक रिकामे झालेले असतात. पण एक आवाज, एक वाद्य आणि मध्ये कुठलीही कंपनी नाही, याला जर इंडी म्युझिक म्हणायचं, तर ते आमच्याकडे घरोघरी होतं. वाद्य दगडाचं होतं, जातं.

पहाटे ज्वारी दळायला बसायचं. एक हात खुंट्यावर, दुसऱ्यानं वैरण घालायची. समोर जाऊ किंवा नणंद असली तर एकीनं ओवी सांगायची, दुसरीनं उचलायची. जात्याची घरघर हाच तंबोरा, फेरा हाच ताल. ऐकायला कुणी नाही, म्हणून सासुरवास, भावाची वाट, नवऱ्याचा मार असं सगळं त्यात येऊ शकलं.

साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याची पुस्तकंच्या पुस्तकं काढली. थोर काम. पण कागदावर दोन ओळींत संपणारी ओवी गाताना तुटते, वळते, ‘बाई गं’ म्हणत परत फिरते. पुस्तकात चाल येत नाही. गाणारीचं नावही बहुतेकदा येत नाही.

ही दोन्ही कामं पुण्यातून झाली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात गावोगावच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. संग्रह एक लाखाच्या वर गेला. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि ध्वनिमुद्रण सुरू झालं. हा माणूस मला आपल्यातला वाटतो. तबल्याचे कायदे समजून घेण्यासाठी त्यांनी १९८०च्या दशकातच ‘बोल प्रोसेसर’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं, तेही ॲपलच्या जुन्या, जेमतेम मेमरीच्या कॉम्प्युटरवर!

ही मंडळी १९९६ मध्ये आमच्या जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात पोचली. पहिली ओवी देवाला, दुसरी आणखी कुणाला, अशी ओव्या मोजत सुरुवात करायची जुनी रीत आहे. भीमनगरच्या बायकांनी रीत तीच ठेवली, मान मात्र बाबासाहेबांना आणि बुद्धाला दिला. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धर्मांतर झालं, हे आपण शाळेत एका वाक्यात पाठ केलं. ते माजलगावच्या वस्तीत कसं उतरलं, हे या ओव्यांत ऐकू येतं. जिला कुणी लिहायला शिकवलं नव्हतं, तिनं घरातल्या घरात देव बदलले आणि कुणाची परवानगी घेतली नाही. मला हे कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळानं २०१७ पासून हा संग्रह लोकांसमोर आणला. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. डेटाबेसमधला एक कॉलम, इतकंच. पण आयुष्यभर ‘अमक्याची आई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईचं नाव तिच्या रचनेसमोर लिहिलेलं असणं ही साधी गोष्ट नाही. स्ट्रीमिंग ॲपवर गीतकाराचं नाव शोधून बघा, मग कळेल.

जातं थांबलं ते गिरणीमुळं. त्याबद्दल हळहळायचं माझ्या तरी जिवावर येतं. ज्यांचे खांदे भरून यायचे त्या सुटल्या. गिरणी आली ते बरंच झालं, पण त्याच वेळी पहाटेची ती हक्काची जागाही गेली.

आमच्या घरचं जातं मागच्या अंगणात टाकीच्या स्टँडला टेकू म्हणून लावलंय. दिवाळीत फोनचा रेकॉर्डर चालू करून मी आजीला म्हटलं, एक ओवी म्हण.

“नुसती कशी म्हणू? दळण कुठंय?”

मग सुपातले खडे निवडता निवडता तिनं दोन म्हटल्या. तिसरीला आईनं मान वर करून बघितलं, तशी आजी थांबली आणि मला म्हणाली, “ते बंद कर आधी.”