रानांतील सूर आणि अन्वस्ताकृति परात

पांखराचें गाणें ऐकणें सोपें; तें टिपून ठेवणें मात्र अवघड. गवई ध्वनिग्राहकासमोर येऊन बसतो, रानपांखरूं बसत नाहीं. शिवाय अंतर दुप्पट झालें कीं आवाजाचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि वारा व पानांची सळसळ त्याच्यावर कुरघोडी करतात. ही अडचण कशी दूर झाली, त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

१८८९ सालीं जर्मनींत फ्रँकफुर्ट येथें लुडविग कॉख या लहान मुलानें फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यावर शामा पक्ष्याचें गाणें उतरविलें. पक्ष्याच्या आवाजाचें ज्ञात असलेलें हें सर्वांत जुनें मुद्रण. शामा हा आपल्या सह्याद्रीच्या रानांतीलहि रहिवासी. पण कॉखचा शामा पाळलेला होता, म्हणून काम साधलें. पुढें १९२४ च्या मे महिन्यांत बीबीसीनें इंग्लंडमधील सरे परगण्यांत बीअट्रिस हॅरिसन या वादिकेच्या बागेंतून नाइटिंगेलचें गाणें प्रक्षेपित केलें. येथें उपाय एकच, ध्वनिग्राहक पक्ष्याच्या झुडपापाशीं नेऊन ठेवणें.

परंतु जो पक्षी जवळ येऊं देत नाहीं, त्याचें काय? १९२९ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर ॲलन आणि पीटर पॉल केलॉग यांनीं बोलपटाच्या यंत्रानें इथाका येथें रानपक्ष्यांचे आवाज फिल्मवर टिपले. शेअरबाजार सोडून पक्ष्यांच्या नादीं लागलेले आल्बर्ट ब्रँड त्यांना येऊन मिळाले. त्यानंतर १९३२ च्या सुमारास पीटर कीन आणि ट्रू मॅक्लीन यांनीं अन्वस्ताकृति परात कामास लावली.

या परातींचें मर्म भूमितींत आहे. समांतर येणाऱ्या लहरी तिच्या पृष्ठावर आपटून एकाच बिंदूंत, म्हणजे नाभींत, गोळा होतात. ध्वनिग्राहक परातीकडे तोंड करून नाभींत बसविला, कीं समोरचा पक्षी मोठ्यानें आणि बाजूचा गलबला हळू ऐकूं येतो. मात्र तिलाहि मर्यादा आहे. ध्वनि सेकंदाला सुमारें ११०० फूट जातो. म्हणून २२०० कंपनांच्या स्वराची लहर ६ इंच, तर २७५ कंपनांची ४ फूट भरते. तीन फुटी परात पहिलीला आंवरते; दुसरी तिला वळसा घालून निघून जाते. म्हणून बारीक शीळ दुरून टिपावयास परात उत्तम. घुबडाच्या घुमण्यास मात्र जवळ ठेवलेला साधा ध्वनिग्राहकच बरा. शिवाय परात उंच स्वर अधिक फुगविते, त्यामुळें मूळ आवाजाचा भारदस्तपणा थोडा हरपतो.

या साधनाची खरी कसोटी १९३५ च्या एप्रिलमध्यें लागली. ॲलन, केलॉग आणि त्यांचे सहकारी लुइझिआनामधील सिंगर ट्रॅक्ट या दलदलीच्या रानांत हस्तिदंती चोचीच्या सुतारपक्ष्याच्या शोधांत गेले. चिखलांत मोटार चालेना, तेव्हां यंत्रें खेंचरांच्या गाड्यांत घालून घरट्यापर्यंत नेलीं आणि पक्ष्याचा आवाज फिल्मवर उतरविला.

पुढें लाकडासाठीं तें रान तोडलें गेलें. १९४४ नंतर या पक्ष्याचें सर्वमान्य असें दर्शन झालेलें नाहीं, आणि त्याच्या आवाजाचें निर्विवाद मुद्रणहि त्या मोहिमेचेंच आहे. परातीनें आवाज राखला. रान राखणें हें तिचें काम नव्हतें, तें मनुष्याचें होतें.