'आपण जिंकलो': एका सर्वनामाची मोजणी

भावना एका मनातून दुसऱ्या मनात कशी जाते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. भट्टनायकाच्या साधारणीकरणापाशी आपण सारेच कधी ना कधी अडखळलेलो असतो. गुस्ताव ल बाँने १८९५ साली जमावाविषयी लिहिताना 'संसर्ग' हा शब्द वापरला, तो रोगाच्या अर्थच्छटेसह. मोजमापाचा हव्यास मात्र विसाव्या शतकातला, आणि त्याला आयते मैदान मिळाले ते अमेरिकी विद्यापीठांच्या फुटबॉलचे.

नोव्हेंबर १९५१ मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन यांच्यात धसमुसळा सामना झाला. प्रिन्स्टनच्या काझमायरचे नाक मोडले, पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ व कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवली. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना सरासरी ९.८ दिसले, डार्टमथच्या विद्यार्थ्यांना ४.३. संहिता एक आणि वाचने दोन, असे आम्हा वाङ्मयवाल्यांना म्हणावेसे वाटते.

पण आमच्या मते खरी मौज रॉबर्ट चाल्डिनी व सहकाऱ्यांच्या १९७६ च्या निबंधात आहे. १९७३ च्या हंगामात त्यांनी सात विद्यापीठांच्या वर्गांत दर सोमवारी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घातलेले विद्यार्थी मोजले. संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी ते अधिक भरले. मग दूरध्वनीवरून आधी सहा प्रश्न विचारून, खऱ्या उत्तरांशी संबंध न ठेवता 'तुम्ही चांगले केले' किंवा 'वाईट केले' असे सांगितले. त्यानंतर सामन्याचे काय झाले, असे विचारले. विजयाचे वर्णन 'आपण'ने, पराभवाचे 'त्यांनी'ने होई. आणि हा फरक ठळक होता तो नुकतेच अपयश पदरी पडलेल्यांत.

अर्थात कपडे आणि सर्वनामे मोजून भावनेचे प्रदर्शन कळते, तिचे संक्रमण नव्हे. त्या दिशेने पीटर टॉटरडेल यांचा २००० सालचा अभ्यास अधिक जवळ जातो. पण त्यातले क्रिकेटपटू व्यावसायिक, विद्यार्थी नव्हेत. सामना चालू असतानाच ते खिशातल्या संगणकावर आपली मनःस्थिती नोंदवत, आणि ती सहखेळाडूंच्या मनःस्थितीशी जुळताना आढळली.

चाल्डिनींची मोजणी मराठीत करू गेल्यास पंचाईतच होईल. इंग्रजीला कर्ता उच्चारावा लागतो. आपल्याकडे नुसते 'जिंकलो' म्हटले की काम भागते. शिवाय 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळतो, 'आपण' त्याला पोटात घेतो. इंग्रजीच्या एकाच सर्वनामात हे दोन्ही दडलेले असतात.