दोघांची वाट, एकट्याची कविता : वर्ड्‌स्वर्थ भावंडांच्या पदभ्रमणाचा वाङ्मयीन इतिहास

१

१५ एप्रिल १८०२ रोजी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी ही दोघे उत्तर इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात अल्सवॉटरच्या काठाने पायी घराकडे निघाली होती. वारा इतका जोराचा होता की परत फिरावे असे त्यांना एकदा वाटून गेले. गोबरो पार्कपलीकडच्या झाडीत प्रथम पाण्याच्या कडेला डॅफोडिलची मोजकीच फुले दिसली. सरोवराने बी काठाला आणून टाकले असावे आणि त्यातून ही लहानशी वसाहत उगवली असावी, असा तर्क त्यांनी केला. पुढे जावे तसतशी फुले वाढत गेली आणि अखेर झाडांखाली, काठाला धरून, गाडीरस्त्याएवढ्या रुंदीचा त्यांचा लांबच लांब पट्टा नजरेस पडला. हा सारा तपशील डोरोथीच्या रोजनिशीत आहे. काही फुले दमल्यासारखी दगडांवर मान टेकून होती, बाकीची वाऱ्यासरशी डोलत होती, हेही तिने टिपले आहे. परंतु नोंद येथे संपत नाही. दोघे पुन्हापुन्हा थांबली आणि थांबल्यावर त्यांना लाटा ऐकू आल्या : काही जवळून, काही दुरून, आणि सरोवराच्या मध्यावर समुद्रासारख्या गाजणाऱ्या. मग पाऊस आला. मुक्कामाच्या खाणावळीत हॅम आणि बटाट्यांचे जेवण झाले. तेथल्या पुस्तकांत विल्यमला काँग्रीव्हचा एक खंड सापडला.

या प्रसंगावरील विल्यमची सुप्रसिद्ध कविता सुमारे दोन वर्षांनी लिहिली गेली आणि १८०७ साली त्याच्या दोन खंडांच्या संग्रहात प्रसिद्ध झाली. १८१५ साली तीत एका कडव्याची भर पडली. या कवितेत चालणारा एकटा आहे. बेभान वाऱ्याची झुळूक झाली आहे. लाटा आहेत, पण त्या केवळ दिसतात. त्यांचा आवाज येत नाही. शेवटी तो देखावा कवीच्या अंतश्चक्षूंसमोर पुन्हा उभा राहतो. स्मृतीला डोळा दिला आहे, कान दिलेला नाही. म्हणजे रोजनिशीकडून कवितेकडे येताना दोन गोष्टी गळून पडल्या : सोबत आणि ध्वनी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी गळाव्यात, हा योगायोग मानावा काय, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

२

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्या काळी पायी हिंडणे म्हणजे काय होते, हे ध्यानात घ्यावयास हवे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऐपत असलेला माणूस घोड्यावरून वा गाडीतून प्रवास करी. पायी चालणारा हा बहुधा मजूर, फेरीवाला किंवा भिकारी समजला जाई. स्त्रीच्या बाबतीत तर शिष्टाचाराचा प्रश्नही होता. १७९४ साली डोरोथी भावासह केंडलपासून ग्रासमिअरपर्यंत अठरा मैल आणि तेथून केझिकपर्यंत पंधरा मैल चालून गेली, तेव्हा घरातील एका वडीलधाऱ्या स्त्रीने तिला बोल लावला. डोरोथीने उत्तरी पत्रात आपली बाजू स्पष्टपणे मांडली : निसर्गाने दिलेले बळ वापरण्यात गैर काही नाही, शिवाय गाडीभाड्याचे तीस शिलिंग वाचले. या उत्तरात निसर्गप्रेमाबरोबरच कमी उत्पन्नात जगणाऱ्या तरुण स्त्रीचा हिशेबही आहे.

१७९७ च्या जुलैमध्ये ही भावंडे सॉमरसेटमधील अल्फॉक्सडन येथे राहावयास गेली. तीनएक मैलांवर नेदर स्टोवी येथे कोलरिज राहत होता. तिघांचे दिवसरात्र हिंडणे सुरू झाले आणि लवकरच ते संशयास पात्र ठरले. फ्रान्सशी युद्ध चालू होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रेंच सैन्याची एक तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर उतरून गेली होती. अशा वेळी काही परकी माणसे वेळी-अवेळी फिरतात, टिपणे करतात, नदीची चौकशी करतात, हे वृत्त गृहखात्यापर्यंत पोहोचले आणि ऑगस्टमध्ये जेम्स वॉल्श नावाचा हेर पाळतीवर पाठवला गेला. कोलरिज त्या सुमारास एका ओहोळावर दीर्घ कविता रचण्याचा विचार करीत होता. नदीविषयीच्या चौकशीचे मूळ तेथे होते. हा प्रसंग पुढे विनोदी आख्यायिका म्हणून सांगितला गेला. तथापि त्यात एक ऐतिहासिक सत्य दडलेले आहे. काही कामधंद्यावाचून रस्त्याने चालणे, थांबणे, पाहणे आणि लिहून ठेवणे ही क्रिया त्या समाजाच्या परिचयाची नव्हती. तिला अर्थ द्यावयाचा तर हेरगिरी हाच जवळचा अर्थ होता.

३

डोरोथीच्या अल्फॉक्सडन रोजनिशीचा आरंभ २० जानेवारी १७९८ चा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘लिरिकल बॅलड्‌स’ प्रसिद्ध झाले. ७ मार्चच्या नोंदीत झाडाच्या शेंड्यावर उरलेले एकमेव पान वाऱ्यात चिंधीसारखे गरगरताना तिने नोंदवले आहे. तेच पान कोलरिजच्या ‘क्रिस्टाबेल’मध्ये अवतरले. अशी देवघेव तिघांत नित्य चाले आणि पाहिलेले कोणाचे हा प्रश्न बहुधा पडतही नसे.

ग्रासमिअरच्या रोजनिशीत (१८००-१८०३) ही दृष्टी अधिक परिपक्व झाली आहे. १४ मे १८०० रोजी विल्यम दूरच्या प्रवासास निघाला, तेव्हा तो परतल्यावर त्याला वाचून आनंद व्हावा म्हणून तिने ही रोजनिशी सुरू केली. म्हणजे लेखनाच्या मुळाशीच दुसऱ्याची उपस्थिती गृहीत धरलेली आहे. २९ एप्रिल १८०२ ची नोंद या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. दोघे भावंडे एका राईत चरातल्या जमिनीवर शेजारीशेजारी पडून होती. विल्यमचे डोळे मिटलेले. तो धबधबे आणि पाखरे ऐकत होता. एकही धबधबा दुसऱ्याहून वेगळा ऐकू येत नव्हता. जणू हवेलाच पाण्याचा आवाज फुटला होता, असा तिचा अनुभव आहे. थडग्यात असेच पडून पृथ्वीचे शांत आवाज ऐकावेत आणि आपली माणसे जवळ आहेत हे जाणावे, असा विचार विल्यमच्या मनात आला, तोही तिने नोंदवला आहे. येथे ऐकणे आणि सोबत असणे हे एकाच अनुभवाचे दोन पदर आहेत.

याची कारणमीमांसा इंद्रियांच्या स्वभावातच शोधता येते. दृश्याला पाहणाऱ्याची एक जागा लागते. ते त्याच्यासमोर चौकटीत उभे राहते. ध्वनी चारी बाजूंनी येतो. तो ऐकणाऱ्यांना एकत्र वेढून असतो. डोरोथीच्या गद्यात दृश्य क्वचितच एकटे येते. प्रकाश, वारा, पाणी, वाटेवरच्या माणसाचे बोलणे आणि भावाची डोकेदुखी एकाच परिच्छेदात, श्रेणी न लावता येतात. १८१८ च्या ऑक्टोबरमध्ये ती मेरी बार्कर या मैत्रिणीसह स्काफेल पाइक हे इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर चढून गेली. माथ्यावर पोहोचल्यावर सर्वजण बोलणे थांबवून कान देऊन उभी राहिली. काहीही ऐकू आले नाही. धबधबे फार खाली राहिले होते आणि गुणगुणायला एक कीटकही नव्हता. शांतता ही ऐकण्याची वस्तू आहे, ती सर्वांनी मिळून ऐकावयाची आहे, ही जाणीव असलेले हे लेखन पुढे विल्यमच्या सरोवर-प्रदेशाच्या मार्गदर्शिकेत १८२२ साली समाविष्ट झाले, परंतु तिच्या नावाचा निर्देश न होता.

४

तथापि भावाने बहिणीचे भांडार लुटले, एवढाच निष्कर्ष काढणे हे इतिहासाचे सुलभीकरण ठरेल. विल्यमच्या कवितेला या विलगीकरणाची जाणीव होती, याचे पुरावे आहेत. बहिणीमुळे आपल्याला डोळे आणि कान लाभले अशी कबुली त्याने १८०१ मधील एका कवितेत दिली आहे. ‘टिंटर्न ॲबी’च्या शेवटी तर बहीण सोबत असल्याचे वाचकाला अकस्मात कळते आणि तोवरची एकट्याची वाटणारी कविता दोघांची होते. १३ मार्च १८०२ ची नोंद आणखी बोलकी आहे. त्या दिवशी तिने विल्यमला १८०० साली भेटलेल्या भिकारी मुलांविषयीची आपली जुनी नोंद वाचून दाखवली. ते ऐकल्यावर तिच्या शब्दांपासून त्याची सुटका होईना, आणि कविता पुढे सरकेना.

जळवा गोळा करणाऱ्या म्हाताऱ्याची हकिगतही अशीच तपासून पाहण्याजोगी आहे. १८०० च्या सप्टेंबरअखेर तो भावंडांना रस्त्यात भेटला. त्याची बायको आणि दहांपैकी नऊ मुले वारली होती. जळवा दुर्मिळ झाल्या होत्या. शंभर जळवांना पूर्वी अडीच शिलिंग पडत, आता तीस पडतात, हा भावही डोरोथीने लिहून ठेवला. तो धंदा बसल्यामुळे तो भीक मागत चालला होता. १८०२ च्या ‘रिझोल्यूशन अँड इंडिपेन्डन्स’ या कवितेत मात्र कवी माळावर एकटा आहे आणि म्हातारा डबक्याकाठी आपले काम करीत उभा आहे. भिकेचा उल्लेख नाही, भाव नाही. परंतु त्याच कवितेत एक लक्षणीय स्थळ आहे : म्हातारा बोलत असता कवी स्वतःच्याच विचारांत हरवतो, त्याचे शब्द त्याला ऐकू येईनासे होतात, आणि तोच प्रश्न त्याला पुन्हा विचारावा लागतो. एकाकी द्रष्टा नीट ऐकत नाही, हे या कवितेने आपल्या रचनेतच मान्य केले आहे. रोजनिशीच्या कानाने टिपलेला जळवांचा भाव शेजारी ठेवला, म्हणजे या कबुलीचे मोल कळते.

‘द सॉलिटरी रीपर’ या कवितेत ध्वनी आहे, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. मात्र तेथेही गाणारी एकटी, ऐकणारा एकटा आणि गाण्याचा अर्थ अगम्य आहे. शिवाय त्या प्रतिमेची प्रेरणा थॉमस विल्किन्सन या मित्राच्या प्रवासवर्णनाच्या हस्तलिखितातून आलेली आहे, भावंडांच्या १८०३ च्या स्कॉटलंड यात्रेतील प्रत्यक्ष श्रवणातून नव्हे.

५

कवितेने जे वेगळे केले त्यावर संपादकांनी आणि समीक्षकांनी शिक्कामोर्तब केले. रोजनिशीतील काही उतारे कवीच्या चरित्रसाहित्यातून आधी बाहेर आले होते. ग्रंथरूपाने रोजनिशा विल्यम नाइट याने १८९७ साली प्रसिद्ध केल्या. भावाचे सदरे दुरुस्त केल्यासारख्या नोंदी छापण्याची आवश्यकता नाही, असे ठरवून त्याने त्या गाळल्या. चालणे राहिले, शिवण गेले. मूळ लेखनातील श्रेणीविरहित सहभाव अशा रीतीने संपादनातही भंगला. हस्तलिखिताबरहुकूम पाठ पुढे विसाव्या शतकात उपलब्ध झाले. पामेला वूफ यांची ग्रासमिअर रोजनिशीची आवृत्ती १९९१ ची आहे.

या कालक्रमाला एक मराठी बाजूही आहे. केशवसुतांची पिढी इंग्रजी रोमँटिक कविता वाचत होती ती प्रामुख्याने पालग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’सारख्या (१८६१) संकलनांतून. डॅफोडिलची कविता त्या संकलनात आहे. म्हणजे वर्ड्‌स्वर्थ मराठीत आला तो एकट्याने हिंडणारा कवी म्हणून. बहिणीची रोजनिशी त्याच्यासोबत आली नाही. कवी म्हणजे समूहापासून दूर गेलेला द्रष्टा ही कल्पना मराठीत रुजत असताना तिच्या उगमाशी असलेली दोघांची वाट मराठी वाचकाच्या दृष्टीआड होती.

मार्गारेट होमन्स (१९८०) आणि सुसान लेव्हिन (१९८७) यांच्यासारख्या अभ्यासकांनी डोरोथीच्या लेखनाचा स्वतंत्र विचार केल्यापासून तिला केवळ साधनसामग्री पुरवणारी मानणे अवघड झाले आहे. मात्र तिला स्वतंत्र लेखिका म्हणून प्रतिष्ठित करतानाही जुनाच निकष लावला जाण्याचा धोका उरतो : एकाकी कवीच्या जागी एकाकी लेखिका. रोजनिशीचे सामर्थ्य निराळे आहे. तीतील कर्तृपद बहुधा ‘आम्ही’ असते. पाहणे एकाचे, ऐकणे दुसऱ्याचे, लिहिणे तिचे, आणि या तिन्हींमध्ये कुंपण नसते. अशा लेखनाला ‘कच्चा माल’ म्हणणारी समीक्षा प्रत्यक्षात व्यक्तिनिष्ठ कर्तृत्वाच्या कल्पनेलाच निसर्गनियम मानीत असते.

डॅफोडिलच्या कवितेचे मोठेपण यामुळे उणावत नाही. तिच्यातील सर्वांत चांगल्या दोन ओळी आपल्या पत्नीच्या, मेरीच्या, असल्याचे स्वतः विल्यमनेच पुढे सांगितले; तेव्हा ती एकट्याची कविताही पुरती एकट्याची नव्हतीच. मात्र तिचे वाचन करताना १५ एप्रिलची नोंद तळटीप म्हणून खाली न ठेवता शेजारी ठेवणे अगत्याचे आहे. म्हणजे त्या सरोवराच्या लाटा कवितेत नुसत्या नाचत असल्या तरी काठावर दोन माणसे थांबून त्या ऐकत होती, हे वाङ्मयेतिहासाच्या नजरेतून सुटणार नाही.