पसंतीक्रम मतदान : परंडा

उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहून आवडीचा क्रम नोंदवण्याची मतदानपद्धती. धाराशिव जिल्ह्यातील परंडा येथे ती मुख्यत्वे विधान परिषदेच्या निवडणुकीत अनुभवास येते. हा तालुका मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या औरंगाबाद विभाग पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत मोडतो. पदवीधरांना दर निवडणुकीपूर्वी नव्याने नावनोंदणी करावी लागते. पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात.

या निवडणुकीत मतदानयंत्र नसते. कागदी मतपत्रिकेवर पक्षचिन्ह नसल्याने मतदाराला उमेदवाराचे नाव माहीत असावे लागते. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच आकडा लिहायचा असतो. १ हा आकडा अनिवार्य, पुढचे ऐच्छिक. बरोबरची खूण, अक्षरी 'एक' किंवा सही केल्यास मत बाद होते. सुशिक्षितांचीही मते या कारणाने वाया जातात, म्हणून मतदानापूर्वीचे मार्गदर्शन मोलाचे ठरते.

मोजणीत वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मतांचा कोटा आवश्यक असतो. तो कोणीच न गाठल्यास तळाचा उमेदवार बाद करून त्याची मते पुढील पसंतीनुसार वाटली जातात.

राष्ट्रपतिपदाची निवडणूकही याच तत्त्वावर होते (संविधान, अनुच्छेद ५५). तीत परंड्याचा मतदार स्वतः मत देत नाही. त्याने निवडलेला विधानसभेचा आमदार देतो. १९७१च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील अशा प्रत्येक आमदाराचे मतमूल्य १७५ आहे.